पुढचा ब्रेक

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "मिस्त्री, सायकलच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लोकांना दिवाळीत हसू येईल असं काहीतरी." मी हो म्हटलं. वही घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, की गमती थोड्याच आहेत आणि त्या सांगून संपल्या की मागं जे उरतं ते हसण्यासारखं नाही. तरी सुरुवात गमतीपासूनच करतो, बाईंना शब्द दिलाय.

माझं दुकान छावणीच्या बाजारात. अब्बांनी सुरू केलं, मी चालवलं, आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला म्हणून मागच्या वर्षी बंद केलं. पंक्चर, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणं, ओव्हरहॉलिंग ही रोजची कामं. माझी शाळा मराठी, घरात बोलायचं दखनी, आणि गिऱ्हाईक पलटणीतल्या जवानापासून फुलंब्रीहून दूध घेऊन येणाऱ्यापर्यंत सगळं. त्यामुळं माझी भाषाही माझ्या दुकानासारखीच आहे, हाताला येईल तो पाना वापरणारी. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

एका कामासाठी मात्र लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून मला शोधत यायचे. ते काम म्हणजे फिक्स व्हील.

ज्यांनी साधीच सायकल चालवली आहे त्यांच्यासाठी सांगतो. साध्या सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. उतार लागला की आपण पाय थांबवतो, चाक आपलं फिरत राहतं आणि मागून टिकटिक ऐकू येते. फिक्स व्हीलमध्ये ही सोय नाही. दात्यांचं चक्र चाकाच्या मधल्या हबला पक्कं बसवलेलं असतं. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल फिरलं की चाक. पुढं मारा, गाडी पुढं. उलटं मारा, गाडी मागं. तुम्ही पाय थांबवलात तरी पायडल थांबत नाही, ते तुमचा पाय उचलून घेऊन जातं. वेग कमी करायचा तर पायडल खाली जायला बघतंय तेव्हा पायानं त्याला थोडं थोडं अडवायचं. हे अंगात मुरायला काही महिने लागतात. ज्याला जमलं त्याला वाटायला लागतं, की आता हाताच्या ब्रेकची गरज काय? तिथून माझं आणि त्याचं भांडण सुरू व्हायचं.

पहिली फिक्स गाडी मी पाहिली ती सायकलवाल्या कलावंताची. पूर्वी असे लोक गावोगाव यायचे. एखाद्या मैदानात दोऱ्या बांधून सात दिवस, सात रात्री सायकलवरून उतरायचंच नाही. जेवण, आंघोळ, दाढी सगळं सायकलवर. आमच्याकडं आला तो विदर्भातला होता, काडीसारखा बारीक. त्याला गाडी मागंही चालवून दाखवायची होती, म्हणून अब्बांनी त्याला फिक्स व्हील बसवून दिलं. सात दिवस तो फिरला. आठव्या दिवशी हार घालून त्याला आमच्या बाकड्यावर आणून बसवलं तर बसल्या बसल्या त्याचे पाय हलतच होते. अब्बांनी दोन्ही हातांनी त्याचे गुडघे दाबून धरले तेव्हा कुठं थांबले. सगळे हसले, तोही हसला, आणि मग एकदम रडायला लागला. का रडला ते कुणी विचारलं नाही.

तो झोपलेला असताना मी त्याची गाडी घेऊन सटकलो. मी तेव्हा विशीत होतो आणि मला सगळं येत होतं. मैदान ओलांडून रस्त्याला लागलो, थोडा उतार आला आणि सवयीनं पाय थांबवले. पुढचं आठवत नाही. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. अब्बा मारतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त सांगितलं, "ये गाडी खुद रुकती नइं बेटा. रोकना पडता." आजही थंडीत तो खांदा दुखतो. मला पुढं जे सांगायचं आहे त्यासाठी वाचकांनी हा खांदा ध्यानात ठेवावा. पाय थांबवले की काय होतं हे मी ऐकून नाही, अंगावर घेऊन शिकलो होतो.

नंतर बरीच वर्षं फिक्स व्हील कुणी मागितलं नाही. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून एक नवीन जमात तयार झाली. शेंद्र्याच्या कुठल्याशा कंपनीतला एक इंजिनिअर आला. दाढी कोरलेली, गाडी पिवळीजर्द. म्हणाला, "अंकल, ब्रेक काढून टाका. गाडीचा लूक जातो." मी म्हटलं, "काढतो. आधी एक काम करा." रस्त्यावर खडूनं रेघ मारली आणि सांगितलं, त्या झाडापासून जोरात या आणि या रेघेवर ब्रेकला हात न लावता थांबून दाखवा. साहेब आले. रेघ गेली, माझं दुकान गेलं, पुढचा न्हावी गेला, आणि त्याच्या पलीकडं इस्त्रीवाल्याच्या टेबलाला जाऊन भिडले. इस्त्रीवाल्याच्या शिव्या दहा मिनिटं चालल्या. साहेब गाडी हातात धरून परत आले आणि हळूच म्हणाले, "अंकल, मागचापण बसवता येतो का?"

असे किस्से मी रंगवून सांगायचो. माझा नियमच होता, माझ्या हातून गेलेली फिक्स गाडी पुढच्या ब्रेकशिवाय रस्त्यावर येणार नाही. आणि दुसरा नियम, फिक्स गाडीवर पहिल्यांदा बसणाऱ्याला मी स्वतः सीट धरून मैदानात तीन फेऱ्या मारायला लावायचो. प्रत्येक फेरीत एकच वाक्य, "पाय थांबवायचे नाहीत." लोक हसायचे, कंटाळायचे, पण मी सोडायचो नाही. मला त्या नियमांचा फार अभिमान होता.

आता यशोधराबद्दल.

तिचे वडील दादाराव माझे दोस्त. पडेगावला राहायचे आणि वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर होते. कंपनीची बस असूनही तीस वर्षं सायकलनं गेले. उन्हात, पावसात, सेकंड शिफ्टला, थर्ड शिफ्टला. काळी, उंच, दांडीची सायकल. दर महिन्याला एकदा माझ्याकडं यायचे, बाकड्यावर बसायचे आणि मी काम करत असताना मला कामातल्या चुका सांगायचे. "हमीद, चेन लई ताणलीस." "हमीद, बेरिंगला ग्रीस कमी पडलं." मी म्हणायचो, "मग तूच बस की इथं." सायकलबद्दल कुणी आपल्याला काही सांगावं हे त्यांना अजिबात चालायचं नाही, आणि खरं म्हणजे सांगण्यासारखं काही नसायचंच.

मुलगी बापावर गेली. शाळेत असतानाच शर्यतीत उतरायला लागली आणि कॉलेजात गेल्यावर ट्रॅकच्या शर्यतीत. ट्रॅक म्हणजे कडेनं उंच होत गेलेली सिमेंटची गोल धावपट्टी. तिथं सगळ्या गाड्या फिक्स व्हीलच्या असतात आणि ब्रेक लावायला बंदी असते. कारण एकानं अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर येतात. आमच्याकडं असा ट्रॅक नाही. सराव करायचा तर छावणीच्या मोकळ्या रस्त्यांवर, पहाटे, आणि शर्यतीला पुण्याला जायचं.

यशूनं आपली ट्रॅकची गाडी पहिल्यांदा दुकानात आणली तेव्हा मी तिच्याकडून तीनच्या जागी दहा फेऱ्या मारून घेतल्या. ती म्हणाली, "चाचा, मला येतं हो." मी म्हटलं, "इंजिनिअरलापण येत होतं." मग आमची एक रीत ठरली. सरावाला पुढचा ब्रेक गाडीवर असणार. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ती गाडी घेऊन यायची, मी ब्रेक काढून फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवायचो. परत आली की बस स्टँडवरून रिक्षानं थेट दुकानात, घरी नंतर. एक बोल्ट, एक वायर, दहा मिनिटांचं काम. ब्रेक बसला की ती पायडल मारत घरी जायची. दोनदा असं झालं, दोन्ही वेळा रीत पाळली गेली.

तिसऱ्या वेळी राज्याच्या संघाची निवड होती. ब्रेक काढताना तिचे हात गार पडले होते. मी म्हटलं, "डरती काय को? गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे." ती म्हणाली, "गाडीची भीती नाही चाचा. माझीच वाटते."

परतीची बस सकाळी येणार होती. मी नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडलं. नऊ वाजले, दहा वाजले, यशू आली नाही. माझ्या डोक्यात एकच, पोरगी ब्रेक न बसवता घरी गेली, आणि उद्या पहाटे गाडी तशीच सरावाला काढेल. मी दादारावांना फोन लावला. ते त्याच वर्षी रिटायर झाले होते, घरीच असायचे.

"पोरगी आली का?"

"आली ना! हमीद, झाली रे निवड! पोरीनं नाव काढलं." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "ताप आलाय थोडा तिला, म्हणून स्टँडवरून घरीच आणली. आता झोपलीय. उठवू का?"

"नको, उठवू नको, झोपू दे. पण गाडी रस्त्यावर काढू देऊ नको तिला. ब्रेक माझ्याकडं हाय. असं कर, तूच घेऊन ये गाडी. दहा मिनिटांत बसवून देतो."

"आत्ता आलो. चहा सांगून ठेव. आज पेढे मी आणतो."

मी फोन ठेवला आणि चहा सांगितला.

तीस वर्षं सायकल चालवलेल्या माणसाला सायकल घेऊन ये म्हटलं तर तो ती चालवत आणणार, हातात धरून नाही. हे मला कळायला हवं होतं. पण त्याला सायकल कशी चालवायची ते सांगायचं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. जो माणूस मला चेन ताणण्यावरून बोलायचा, त्याला मी 'पाय थांबवू नको' म्हणू? अनोळखी इंजिनिअरला मी खडूची रेघ मारून शिकवलं. यशूला दहा फेऱ्या मारायला लावल्या. दादारावांना एक वाक्य सांगितलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं, दिवसातून दहादा मी ते कुणालाही ऐकवायचो. ज्या एका माणसाला ऐकवायला हवं होतं, त्याच्या बाबतीत मला ते आठवलं नाही. आजवर मी याला बरीच कारणं शोधली. एकही पुरत नाही.

पडेगावाकडून आतल्या रस्त्यानं येताना नाल्यावरच्या पुलाआधी एक उतार आहे. मोठा नाही, माणसाला तो उतार आहे हेही कळत नाही, फक्त सायकलवाल्याला कळतं. तिथं प्रत्येक सायकलवाला पाय थांबवतो. दादारावांनी तीस वर्षं त्या रस्त्यावर तिथंच पाय थांबवले होते.

चहा निवला. एक रिक्षावाला सांगत आला, की पुलाजवळ कुणी सायकलवाला पडलाय, म्हातारा माणूस आहे. मी तसाच धावत सुटलो. खांद्यावर हात सारखा जात होता, का ते तेव्हा कळलं नाही.

पुलाजवळ एक बाई पेरूची टोपली घेऊन बसायची. तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं सांगितलं, "पाय सुटले हो त्यांचे. पायडल गरागरा फिरत होतं, नडगीवर लागत होतं. आन् हात... हँडलवर सारखं काहीतरी दाबत होते. दाबत होते आन् गाडी काय थांबना. मग त्या कठड्यावर गेले." ते कशावर बोटं आवळत होते ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ते ब्रेक शोधत होते, आणि ब्रेक माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

पायात चपला होत्या. खिशात पेढ्यांची पुडी होती.

सरकारी दवाखान्यात दोन दिवस काढले. शुद्ध आली नाही.

गाडीला काही झालं नव्हतं. पोलिसांनी पंचनामा करून ती सोडली तेव्हा मीच ती दुकानात आणली. चाक फिरवून पाहिलं, आउटसुद्धा नव्हता. मग मी ड्रॉवर उघडला, फडकं सोडलं आणि ब्रेक बसवला. दहाच मिनिटं लागली. कशासाठी बसवला, कुणासाठी, काही कळत नव्हतं. हात करत होते. बसवून झाल्यावर शटर अर्धं ओढून घेतलं आणि खाली बसून रडलो.

माती झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात पुरुषमंडळी बसली होती, आत बायका. शांताभाभी, दादारावांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. अपघात झाला त्या सकाळी त्या विहाराच्या साफसफाईला गेल्या होत्या. घरी फक्त दोघं, झोपलेली मुलगी आणि बाप. भाभींनी आपल्या मनानं हिशेब जुळवला होता. त्यांचा आवाज बाहेर स्पष्ट येत होता.

"सोताची गाडी सोताला नेता आली नाय हिला. झोपा काढत होती, आन् बापाला धाडलं. बापाला धाडलं गाडी घेऊन."

यशू तिथंच कोपऱ्यात होती. तिला काय माहीत असणार? ती झोपेत होती. तिलाही कदाचित वाटलं असेल, की तापात आपण काहीतरी बोललो असू.

मी उठलो. दारापर्यंत गेलो. "भाभी," म्हटलं. त्यांनी वर पाहिलं. त्या डोळ्यांकडं पाहिलं आणि माझं तोंड बंद झालं. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्यालो आणि परत येऊन बसलो.

त्यानंतर मी स्वतःला सांगितलं, जलदान विधी होऊ दे, मग सांगू. विधी झाला. मग म्हटलं, भाभींची तब्येत बरी नाही, आता नको. मग पावसाळा आला. मग त्यांच्या भावाच्या घरचं लग्नकार्य. मग मला वाटायला लागलं, की इतक्या उशिरा सांगितलं तर इतके दिवस का लपवलं असं विचारतील, म्हणून आणखी उशीर. मी दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांच्याकडं जायचो. ईदला शीरखुर्मा पोचवायचो. भाभींच्या शुगरच्या गोळ्या आणून द्यायचो. लोक म्हणायचे, हमीदभाईंनी दोस्ती निभावली. हे ऐकताना कान गरम व्हायचे, पण ऐकायलाही जायचो, हे कबूल केलं पाहिजे.

भाभी माझ्याशी दादारावांबद्दल खूप बोलायच्या. मुलीशी मात्र कामापुरतंच. "जेव." "दिवा घालव." "गॅस बंद कर." मी समोर बसलेलो असायचो. संघात जायचं पत्र आलं तेव्हा यशूनं ते फाडून टाकलं. नंतर ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली, रक्ताचे नमुने घ्यायला घरोघर जायची, स्कूटीवर. गाडी घेऊन जा, असं मी तिला दोनदा म्हटलं. ती दोन्ही वेळा म्हणाली, "राहू द्या चाचा." शेवटी मीच ती पुण्याच्या एका प्रशिक्षकाला देऊन टाकली.

अशी चार वर्षं गेली. या वर्षी उन्हाळ्यात शांताभाभी गेल्या. शुगर होतीच, त्यात किडन्या गेल्या. शेवटचे आठ दिवस मी बहिणीकडं नांदेडला होतो. निरोप मिळून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पाचव्या दिवशी विधी झाला. पाहुणे पांगले. दुपारी मी परत गेलो, कारण आता घरात ती एकटीच असणार होती. यशू अंगणात सतरंजी झटकत होती. मी म्हटलं, "बेटा, बस जरा. मला काही सांगायचंय." ती बसली नाही, सतरंजीची घडी हातात धरून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. फोन मी केला, गाडी मी मागवली, तुला उठवू नको असं मी म्हणालो, आणि जे सांगायचं ते सांगितलं नाही. चार वर्षं पाठ केलेलं होतं, तरी नीट सांगता आलं नाही.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?" मी विचारलं.

"दवाखान्यात पप्पांचा मोबाईल माझ्याच हातात दिला होता, चाचा. शेवटचा फोन तुमचा होता. दहा वाजून गेल्यावर तुमचा फोन, आणि मग पप्पा गाडी काढून निघाले. कळायला काय लागतं? पप्पा आपणहून कशाला ती गाडी काढतील?"

"मग आईला का नाय सांगितलंस? ती तुला इतकं..."

"मी सांगितलं असतं तर तिला काय वाटलं असतं? स्वतःची चूक हमीदभाईंवर ढकलते. तुम्ही तिला भावासारखे होता. माझ्या तोंडचं तिनं मानलं नसतं. तुमच्या तोंडचं मानलं असतं." तिनं घडी खाली ठेवली. "तुम्ही यायचे ना, तेव्हा मी आतून कान देऊन बसायचे. तुम्ही उठताना थांबायचे. 'भाभी' म्हणायचे. मला वाटायचं, आज सांगतील. मग तुम्ही म्हणायचे, गोळ्या वेळेवर घ्या."

मी पायरीवर टेकलो. तिनं आतून पाणी आणलं. त्या वेळी तरी तिनं ओरडायला हवं होतं, पण ती ओरडली नाही. माझ्या शेजारी बसली.

"आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं," ती म्हणाली. "डोक्यावरून हात फिरवला. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, 'यशे, जे झालं ते झालं. मी तुला माफ केलं.'"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तिला श्वास पुरत नव्हता. मी म्हटलं, 'व्हय आई.'"

शेवटी मी विचारलं, की आता मी काय करू. माफी मागायला तोंड नव्हतं, आणि ती मागितली असती तर तिनं ती दिलीही असती, म्हणून मागितली नाही. ती विचार करून म्हणाली, "मामा आणि मावशी परवासुद्धा तेच बोलत होते, हिनं बापाला धाडलं म्हणून. मला त्यांच्यापुढं काही सांगायचं नाही. तुम्ही दिवाळी अंकात सायकलींवर लिहिणार आहात, असं मागं म्हणाला होता ना? त्यात हे लिहा. मामा दरवर्षी तो अंक घेतात."

मी तिला विचारलं, नावं बदलू का. ती म्हणाली, बदलू नका.

म्हणून संपादकबाईंची माफी मागून हे असं लिहिलं. यशोधराच्या मामांनी आणि मावशीनं हे वाचावं, आणि पडेगावात जे कुणी त्या घराबद्दल काही बोलले असतील त्यांनीही. त्या सकाळी यशोधराला ताप होता आणि ती झोपली होती. तिनं वडिलांना कुठंही पाठवलं नाही. तिला उठवू का, असं दादारावांनी विचारलं होतं. नको म्हणणारा मी होतो, आणि गाडी घेऊन ये म्हणणाराही मीच होतो.